सोळा

रात्री अकराला पाळी हातात आली तेव्हा
तक्त्यावरचा श्वासांचा रकाना अगदी नीटनेटका होता:
सोळा, सोळा, सोळा, सोळा.
इतक्या शिस्तीत कुणी श्वास घेत नाही,
झोपेतही नाही.
पुन्ता अरेनासमध्ये तर वारासुद्धा
खिडकीवर दोनदा सारखा आपटत नाही.

खाट नऊ. एलेउतेरियो बारिया, वय एकाहत्तर,
आतड्याचं ऑपरेशन, तिसरा दिवस.
मनगटावरची पट्टी वाचली, तरी नाव विचारलं, जन्मतारीख विचारली.
"सकाळपासून सहाव्यांदा सांगतोय," तो म्हणाला,
"अजून तोच आहे मी."
बरं वाटतंय? "बरंय."
दुखतंय? "थोडं."
चाळीस वर्षं मेंढ्या कातरलेल्या माणसाचं 'थोडं'
शून्य ते दहाच्या पट्टीवर
कुठे ठेवायचं?

मी त्याचं मनगट धरलं.
ही आमची जुनी लबाडी:
बोटं नाडीवर, डोळे घड्याळावर,
आणि घड्याळाच्या कडेवरून छातीवर.
श्वास मोजतेय म्हणून सांगितलं, की माणूस
घरी पाहुणे आल्यासारखा आवरून श्वास घेतो.
पूर्ण एक मिनिट. पंधरा सेकंद गुणिले चार नाही.
तेराची घंटा वाजली, यास्ना धावली,
मी मोजत राहिले.
सव्वीस.
पुन्हा मोजले. सत्तावीस.

नाडी एकशे बारा. ताप म्हणावा असा नाही.
पाय पोटाशी ओढलेले.
लघवीच्या पिशवीत तीन तासांचं मिळून अर्धा कप.
पोटावर हात ठेवला,
तर पोटच हाताला नको म्हणालं.

"नाडी धरतेस," तो डोळे मिटून म्हणाला,
"पण मोजतेस दुसरंच."
मी हात सोडला नाही.
"मेंढी गुडघ्याखाली धरली की आम्हीही तेच बघायचो.
बरगड्या भरभर हलायला लागल्या
की कात्री थांबवायची.
मालक ओरडला तरी."

ओरडले नाहीत, पण झोपेतून उठले होते डॉक्टर.
"आठला सोळा होते ना?"
"आठचं मला माहीत नाही.
आत्ता सव्वीस आहेत, मी मोजलेत. पोट कडक आहे.
तुम्ही येऊन बघा."
फोनवर थोडा वेळ नुसता वारा.
आले. शर्टाची बटणं वरखाली.

पावणेचारला खाट नऊ चाकांवरून खाली गेली.
लिफ्टच्या दारात त्यानं विचारलं, "किती होते गं?"
सांगितलं.
"मग थांबवलंस ते बरं केलंस," म्हणाला,
आणि दार लागलं.

परत येऊन तक्ता उघडला.
ते चार सोळा कुणाचे, हे सही सांगते.
सही वाचली. सकाळी बोलावं लागेल तिच्याशी.
काय बोलणार?
तीन वर्षांपूर्वी, डिसेंबरात, चौदा खाटा आणि मी एकटी,
मीही लिहिले होते सोळा.
त्या खाटेवरच्या बाईचं नाव
मला जन्मतारखेसकट पाठ आहे.