कोरडा दिवस

पत्रकात लिहिलंय : आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा.
गिरजाबाई बिरादार हसल्या.
"एकच?"

उदगीरच्या या गल्लीत नळ अकराव्या दिवशी येतो,
तोही रात्री अडीचला, खोकत,
आधी हवा, मग गढूळ, मग पाणी.
सगळी गल्ली जागी.
निळे बॅरल, रंगाचे डबे, लग्नातली घागर, पोराचा टब,
जे जे पोकळ ते ते भरून ठेवायचं.

आणि मी येते पाचव्या दिवशी
बॅटरी, खडू, रकान्यांचा कागद घेऊन.
"ताई, हे ओतून द्या."

बॅटरीखाली त्या दिसतात, स्वल्पविरामासारख्या,
उजेड पडला की बुडी मारणाऱ्या.
एवढ्याशा किड्यानं काय व्हायलंय, म्हणतात लोक.
मागच्या भाद्रपदात पलीकडच्या घरी
अफसानाच्या प्लेटलेट फोनवर विचारत होते
तुरीचा भाव विचारावा तशा.
सकाळी साठ हजार, दुपारी एक्केचाळीस.
रात्री लातूरच्या वाटेवर कुणी आकडा विचारला नाही.
शंभरला तीनवाल्या किवी उशाशी तशाच.
त्या दारावरचा माझा खडू अजून पुसलेला नाही :
कंटेनर नऊ, दूषित दोन.

गिरजाबाईंना हे ठाऊक आहे.
तरी बॅरलला पाठ लावून उभ्या,
लेकराच्या आड उभं राहावं तशा.
"ओत म्हणायलीस. ओतते.
सहा दिवस काय पाजू, तुझा कागद?"

कागदात तो रकाना नाही.

मग त्यांचं जुनं लुगडं चौपदरी केलं
आणि आम्ही दोघींनी या बॅरलातून त्या बॅरलात
तांब्या-तांब्यानं गाळलं.
पाऊण तास. माझी चाळीस घरं मागे.
रिकाम्याची आतली कड काथ्यानं घासली;
अंडी तिथंच चिकटलेली असतात,
कोरडी, महिनोन्महिने,
या गावासारखी पाण्याची वाट बघत.
तोंडाला फडकं, वर सुतळी, आवळून.
लुगड्यातल्या मातीत झटकल्या.
उन्हात थोडा वेळ वळवळल्या.

थेंब सांडला नाही
हे लिहायला जागा नव्हती.
दारावर लिहिलं : कंटेनर सात, दूषित शून्य.

"थांब, उन्हाची आलीस," म्हणत त्यांनी पेला दिला.
अर्धा.
काठोकाठ असता तर मला पिववला नसता.

गल्लीच्या टोकाला गेल्यावर आठवलं,
फ्रिजच्या मागचा ट्रे.
परत फिरले.