कापण्याआधी

मंद्रूपकर वकिलांची हिलमन, एक्कावन सालची,
ट्रकमधून उतरवली तेव्हा तिचा एक तुकडा
ट्रकमध्येच राहिला.
जिलानी म्हणाला, उस्ताद, ही गाडी नाय, पापड हाय.

बावीस वर्षं होटगी रोडच्या शेडात,
वर पाण्याची टाकी, टाकीला चीर.
सोलापुरात माणसाला पाणी चार दिवसाआड,
हिला मात्र रोज, थेंबाथेंबानं.
टपाचं कापड उसवलेलं.
पाणी शिवणीतून आत, गालिच्याखाली मुक्कामाला.

फडक्यात गुंडाळलेला लोहचुंबक घेऊन
मी तिच्याभोवती फिरलो.
चिकटला तिथे पत्रा.
घसरला तिथे पुट्टी,
म्हणजे कुणीतरी कधीतरी मारलेली थाप.
डाव्या मडगार्डवर तर नुसत्या थापाच.

रंग खरवडला. वरचा लाल, कुणाच्या तरी वरातीचा.
खाली क्रीम.
त्याखाली हिरवा, चिंचेच्या कोवळ्या पाल्याचा,
हा तिचा स्वतःचा.
बोटभर जागेत तेवढा सापडला.
बाकी सगळीकडे गंज.

छप्पर असलेल्या गाडीला छप्पर सावरतं.
हिच्या डोक्यावर कापड.
सगळा भार दाराखालच्या दोन पट्ट्यांवर,
आणि सडल्यात नेमक्या त्याच.
स्क्रूड्रायव्हर टेकवला तर मुठीपर्यंत आत.
जिलानीनं कटर उचलला, मी मनगट धरलं.
आधी अँगल वेल्ड कर, दाराच्या चौकटीत,
पुढून मागे. मग एक आडवा, या दारापासून त्या दारापर्यंत.
नाहीतर पट्टी कापलीस की ही मधोमध बसते,
आणि बसलेली परत सरळ होत नाही.
दार लागत नाही मग. कधीच.

नायना डबा घेऊन आले होते, स्टुलावर बसून ऐकत होते.
मल्लेशम चिप्पा, जेकार्ड खातं, पहिली पाळी.
गेटवर नोटीस लागली तेव्हा एक्केचाळिसाव्यात.
म्हणाले, आमाला नव्हता लावला.
काय?
अँगल.

मी काळी काच डोळ्यांवर ओढली.
वेल्डिंग चालू असताना कुणी कुणाकडे बघत नाही,
ही या धंद्यातली सोय आहे.

मे महिन्यात दहानंतर पत्रा हात लावू देत नाही.
म्हणून पहाटे चारला शेड उघडायचो.
नायनांना तशीही चारला जाग,
भोंगा नसला तरी.
वीस गेजचा पत्रा, डॉली आतून, हातोडी बाहेरून,
ठोकत ठोकत गोलाई येईपर्यंत.
हात फिरवून ते सांगायचे, हितं उंच हाय.
डोळ्याला दिसत नसे. उंच असायचं.
चादरीवरची गाठ शोधलेली बोटं ती.

मागच्या सीटखाली एक जुनं ठिगळ निघालं,
पितळेनं डागलेलं, चारी कडा सारख्या.
कोण मेस्त्री होता कोण जाणे, हात चांगला होता.
उलटं केलं. निळ्यावर पांढरी अक्षरं,
कडेची उडालेली:
ल्स लि.
वेश बंद
नायनांनी चष्मा पुसला, परत लावला.
हे मागल्या गेटचं, म्हणाले,
उशीर झाला की आमी हितनंच शिरायचो.
आणि खूप दिवसांनी हसले, दात नसलेलं.

वकिलांचा फोन आला, सगळं ओरिजिनल पाहिजे हं.
हो म्हणालो.
ठिगळ घासलं, रेड ऑक्साईड मारलं,
फक्त पाठीला.
परत त्याच जागी बसवलं, अक्षरं रस्त्याच्या बाजूला.
गाडीखाली झोपणाराच वाचील.

रंग अजून लांब आहे. टपाचं कापड अजून शोधतोय.
काल फक्त अँगल कापले.
आडवा आधी, मग चौकटीतले दोन.
शेवटचा सुटला तेव्हा जिलानीनं डोळे मिटले.
गाडी हलली नाही.
मी दार ढकललं, जोर न लावता.
ठक्.
एकच आवाज, तोही हलका.

नायना स्टुलावरून म्हणाले,
परत एकदा लाव.