शंभर तास

साखर पेठेतल्या दुकानात व्यंकटेश गाजुल म्हणाला,
"सर, लगेच मत बनवू नका.
कागद कडक आहे अजून, कडेचं रबर आखडलेलं.
शंभर तास वाजू द्या, मग ऐका."

पटलं मला. चादरीचं तसंच असतं.
नवी असते तेव्हा खळीनं ताठ, अंगावर पुठ्ठा पांघरल्यागत;
चार धुण्यांनंतर खांदा कुठे आहे ते तिला कळतं.

पण सव्वीस वर्षं मी विज्ञान शिकवलं.
म्हणून जोडीतला एकच लावला,
दुसरा थर्माकोलसकट पलंगाखाली.
पहिल्यानं अख्खा एप्रिल काढला:
बातम्या, बासरी, क्रिकेट, रात्री नुसती खरखर,
तीही हळू, शेजारच्या कोंडांची झोपमोड नको म्हणून.
कोंडांच्या घरात आठ माग चालतात
हे मला वहीच्या चौथ्या पानावर आठवलं.

शंभर भरले त्या दिवशी पारा त्रेचाळीसवर.
दोन्ही शेजारी मांडले, वर धोतर टाकलं.
पुतणी तेजश्री मागे बसून रुपया उडवायची
आणि छाप-काट्याप्रमाणे तारा बदलायची.
वीस वेळा एकच प्रश्न: वाजलेला की कोरा?

माझी बायको रत्नमाला: अकरा बरोबर,
तेही कणिक मळता मळता.
व्यंकटेश: नऊ.
रुमालानं मान पुसत तो म्हणाला, तार हलकी आहे तुमची.
मी: दहा. माझा आकडा मी
वहीत जरा बारीक लिहिला.

उरले त्याचे वडील, नरसय्या.
चाळीस वर्षं मागावर, डावा कान तिथेच ठेवून आलेले.
त्यांनी पंखा बंद करायला लावला.
कोंडांचे माग जेवणासाठी थांबले होते
आणि गल्ली एकदम अनोळखी वाटत होती.

ते जुना म्हणाले नाहीत, नवा म्हणाले नाहीत.
म्हणाले, "कामाला लागलो तेव्हा आठ दिवस
झोपेतसुद्धा धोटा आपटायचा डोक्यात.
नवव्या दिवशी मुकादमाला विचारलं,
तेल घातलं का हो? आवाज उतरलाय.
तो हसत सुटला.
तेल कुणीच घातलं नव्हतं."

मी विचारलं, मग मोकळं होतं ते रबर, की कान?
"एमो," म्हणाले,
तेलुगूत कुणास ठाऊक म्हणायला दोनच अक्षरं लागतात,
आणि रत्नमालेकडे पाणी मागितलं.

रबर थोडं सैलावतही असेल. मोजायचं यंत्र
माझ्याकडे नाही, आणि यंत्राला दिसलेलं सगळं
माणसाला ऐकू येतं असंही नाही.

परवा दुकानात गेलो, फ्यूज आणायला.
एक पोरगा पहिल्या पगाराची जोडी घेत होता.
व्यंकटेशनं तोंड उघडलं, मला पाहिलं,
थांबला,
मग म्हणालाच: "शंभर तास."
पोरगा माझ्याकडे वळला.
मी म्हटलं, एक वही कर.