हाताचा अंदाज

दुर्पताबाई दगड उचलते,
तळहातावर एकदा हेलकावते:
"हा चाळीसचा. हा फेक."
लॅबचा कागद तिसऱ्या दिवशी येतो,
तेच म्हणतो.

बत्तीस वर्षं खाणीच्या तोंडाशी.
नखांत मँगनीज,
भात कालवला की शितांवर काळी बोटं.
नातू झाला तेव्हा नर्सच्या काट्याआधी तीच बोलली:
"अडीच किलोहून कमी हाय पोट्टं."

रात्री तुमसरहून मालगाडी निघते.
कुठं जाते, तिनं कधी विचारलं नाही.
पोलादात पडतं म्हणे आपलं.

शेवटच्या दिवशी साहेबांनी दिला
स्टीलचा डबा,
झाकणावर कोरलेलं कागदावरचं नाव: द्रौपदी.
तिनं तो तळहातावर धरला,
हेलकावला,
पुन्हा हेलकावला.

"बाप्पा," म्हणाली,
"यात तं काईच नाई आलं."