चौथी दांडी

कीरुनाच्या पुढे, जिथे रस्ता बर्फातच विरतो,
तिथे माझं काम साधं: फोन करायचे.
रॉकेट उडण्याआधी अकरा घरं, अकरा नंबर.
"आज रात्री आडोशाला थांबा."
अकरावा आंते, रेनडियरवाला.
तो दरवेळी विचारतो,
"नक्की ना? की कालच्यासारखं?"

काल आभाळात उजेड आलाच नाही.
परवा आला, तर वारा फार.
त्याआधी कुठलासा स्क्रू सैल.
चार रात्री तो माणूस पत्र्याच्या निवाऱ्यात
कुत्र्याला पोटाशी घेऊन बसला,
आणि कळप उतारावर मर्जीने पांगला.

इंगेला नऊ वर्षं एका पट्ट्यामागे आहे.
फुगे पोचत नाहीत इतका वर,
उपग्रह टिकत नाहीत इतका खाली.
धड हवा नाही, धड पोकळी नाही.
तिथला वारा कुठे वळतो, गारठा किती,
एवढंच विचारायचं, आणि त्याला सहा मिनिटं.
मी एकदा भागाकार मांडला होता,
मग तो कागद चुलीत घातला.

एक सत्तेचाळीस. उत्तरेला हिरवी रेघ,
बघता बघता ती उसवली.
इंगेला नुसतं "हो" म्हणाली.
आधी उजेड, मग आवाज,
मग माझ्या कपातली कॉफी.

वर चार दांड्या उघडायच्या होत्या.
पडद्यावर तीन रेघा थरथरत राहिल्या,
घाबऱ्या पोराची नाडी बोटांना लागावी तशा.
चौथी आडवी. निपचित.
सहा मिनिटं अकरा सेकंद, आणि संपलं.
टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत.
इंगेला त्या चौथ्या रेघेकडे बघत होती,
जेवायला न आलेल्याच्या ताटाकडे बघावं तशी.

अडीचला पुन्हा नंबर फिरवले. "झालं. पडा बाहेर."
दहा जणांनी उचलला.

तीनला आंतेचाच फोन.
"तुमचं डबडं माझ्या कुंपणापाशी आलंय.
छत्री भूर्जाच्या फांदीत अडकलीय, ती तुम्हीच काढा.
भोवतीचा बर्फ वितळून परत गोठलाय,
काचेचं कडं झालंय नुसतं.
एवढ्या थंडीतून आलं, मग तापलं कशाने?"

मी फोनवर हात ठेवून इंगेलाला विचारलं.
ती सांगायला लागली, आणि मध्येच थांबली.
"हात लावू नको म्हणावं.
आणि विचार, दांड्या किती दिसतात?"

पलीकडे बर्फ करकरला. कुत्रं भुंकलं.
बराच वेळ नुसता श्वास.
"चार," तो म्हणाला.
"एक जरा वाकडी आहे."