कार्बन

ब्लॅकआउटचा हुकूम आला तेव्हा
लॅम रोडच्या दुकानांतला काळा कागद संपला होता.
आप्पा रेकॉर्ड ऑफिसातून
वापरलेले कार्बन घेऊन आले, शर्टाच्या आत,
आणि आईनं खळ शिजवली.

मी चौदाची. वहीत कविता लिहायचे:
हिमशिखरं, रणभेरी, रक्ताचा टिळा.
तोफा तेवढ्या माहितीतल्या. देवळालीच्या रेंजवर सराव सुरू झाला
की मांडणीवरचे पेले एकमेकांना लागायचे
आणि आई लाटणं न थांबवता म्हणायची, "हां, हां."

एका रात्री चिमणी काचेजवळ सरकवली
तर कार्बनमध्ये अक्षरं. उलटी.
फणेरपेटीचा आरसा धरला.
इंग्रजी होतं; आठवीचं पुरलं.
"कळविण्यास अत्यंत खेद होतो की"
एवढं लख्ख, पातीनं कापल्यासारखं,
कारण प्रत्येक तारेत ते त्याच जागी पडलेलं.
नावं मात्र एकावर एक,
एका वाकळेत सात जण निजावेत
आणि कुणाचा हात कुठला कळू नये तशी.

खेद वाचता येत होता.

कविता राहिली. मी नावं सोडवायला बसले,
गणिताच्या वहीत, मागच्या पानापासून.
एक सुटलं की शेजारी लिहायचे
तारेला ठाऊक नसलेलं काहीतरी, मनानंच:
याला कारलं आवडायचं नाही.
हा सायकल पुसताना शीळ घालायचा.
हा डावरा.

एक नाव सुटेचना.
पिनेनं त्याच्यावरून टोचत गेले, रेघ धरून,
उजेड त्यातून बाहेर गेला
आणि गल्लीत शिट्टी वाजली.
"तिसरी खोली!" वॉर्डन सोराबजी ओरडले,
"तुमच्या खिडकीत कायतरी लिवलंय!"

आप्पांनी चिमणी फुंकली.
वही त्यांच्या हातात.
मी पाय पोटाशी घेतले.
ओंजळीत काडी ओढून त्यांनी वाचलं.
ती संपली. दुसरी ओढली.

"हा जी नाही," म्हणाले. "जे.
जिवबा तुकाराम घोडके. मीच बडवलाय.
आणि गाव पिंपळगाव नाही, पिंपळनेर."

मग अंधारातच सांगत गेले,
एकेक, तारखेसकट,
ऑफिसात कुणी ऐकेल अशा आवाजात,
आणि मी न बघता लिहीत राहिले.
ओळीवर ओळ चढली असेल.

"कारल्याचं कुठून काढलंस?"

मी बोलले नाही.
रेंजवर काहीतरी फुटलं, पेले वाजले.
आई झोपेतच म्हणाली, "हां, हां."

आप्पांनी काडेपेटी हलवून पाहिली. रिकामी.
"घोडकेचं," त्यांनी विचारलं,
"काय लिहिशील?"