पलंग एकोणीस

माझ्या प्रबंधाचं नाव लांबलचक आहे.
गाईडनं दोनदा कापूनही दीड ओळ उरलं:
शस्त्रक्रियेनंतरचे बाहत्तर तास, मद्याची सवय,
आणि परिचारिकेची निरीक्षणं.
नमुने साठ. राजय्या गुंडेटी एक्केचाळिसावा.
सिव्हिलचा सर्जिकल वॉर्ड, पलंग एकोणीस,
आतडं फुटून आलेला, मध्यरात्री, रिक्षातून.

घेता का, मी विचारलं.
म्हणाला, कधीतरी. सणाला.
बायको दाराशी उभी होती, तिनं फरशीकडे पाहिलं.
मी चौकटीत खूण केली: कधीतरी.

टेबलावर भूल देणाऱ्या मॅडम म्हणाल्या,
अगं, हा झोपतच नाहीये.
दुसऱ्याला पुरलं असतं ते औषध
ह्याच्या अंगात शिरलं
आणि पत्ता विचारत फिरत राहिलं.

पुस्तकातलं मी मला असं समजावते:
दारू रोज बाहेरून दार लोटते,
मेंदू आतून खांदा लावतो.
वर्षानुवर्षं.
दोघांचा जोर बरोबरीचा, म्हणून दार हलत नाही
आणि माणूस अशोक चौकात छाती काढून सांगतो,
आपल्याला चढत नाही.
मग एक दिवस ऑपरेशन निघतं.
बाहेरचा हात काढून घेतो.
आतला मात्र
तसाच, सगळ्या जोरानिशी.

तिसरी रात्र. एप्रिल. पंखा गरम हवाच ढवळत होता.
साडेतीनला राजय्या उठून बसला,
सलाईनची नळी दोन बोटांत धरली,
थुंकी लावून टोक वळलं,
हवेत गाठ मारली, पायानं काही दाबलं,
पुन्हा गाठ.
नाडी एकशे बत्तीस. घामानं उशी भिजलेली.
टाक्यांवर ताण येतोय आणि हा ओरडतोय,
दारं तेगिंदी, दारं तेगिंदी.

मी हत्तूरची. घरी कन्नड, शाळेत मराठी,
तेलुगू भाजी घेण्यापुरती.
नोंदवहीत लिहिलं:
३.४०. रुग्ण दारू मागतो.
डॉक्टरांना उठवलं, इंजेक्शन दिलं,
उजाडेपर्यंत त्याची मनगटं धरून बसले,
कारण बांधायच्या पट्ट्या बावीस नंबरला होत्या.

सकाळी सत्तम्मा आली, विडी घरकुलातून, पहिल्या बसनं.
का कोण जाणे, तिला नोंद वाचून दाखवली.
तिनं मान डोलवावी एवढ्यासाठीच बहुतेक.
ती म्हणाली, दारू नाही हो सिस्टर.
दारम्. दारम् म्हणजे सूत.
धागा तुटला म्हणतोय, माग थांबवा म्हणतोय.
माग कुठला आता.
कोरोनात भंगारात घातला, किलोवर.

मग पदराला बोटं पुसत, आपणहून:
रोज दोन क्वार्टर.
एक क्वार्टर म्हणजे माझ्या चारशे विड्या.
लिहा.
रकाना नव्हता. समासात लिहिलं.

पुढे गाईड म्हणाल्या, विडी हे एकक नाही,
मिलिलिटर करून आणा.
करून नेलं. तीनशे साठ.
समास खोडला नाही.
आणि बेचाळिसाव्या रुग्णापासून
‘घेता का’ विचारणं सोडून दिलं.
विचारते, शेवटची कधी?
आणि बाईला वेगळं, बाहेर, बाकावर बसवून.

चूक खोडायची ती एकाच रेघेनं,
पहिल्या वर्षी शिकवतात.
खालचं वाचता आलं पाहिजे. वेळ, सही.
७.१५. ‘दारू मागतो’वर एक रेघ.
शेजारी: सूत तुटल्याचं सांगतो.

सही करताना पाहिलं,
राजय्या गाढ झोपला होता,
तोंड उघडं,
आणि बोटं चादरीच्या काठाशी
एक सुटलेला दोरा
आत खोवत होती.